तोटीचा माठ

“मग गावानं फळ्या बसवल्या का नाहीत, बाबा?”

मकरंद धायगुडे चटईवर टेकायच्या आधीच विचारता झाला. आता तो जलसंधारणाचा साहेब. पण लहानपणी दर गुरुवारी लतीफबाबा फकिरांच्या तकियात झाडू मारलेला, त्यामुळे स्वतःला त्यांचा शिष्य समजे. दोन वर्षं खपून त्यानं ओढ्यावर बंधारा उभा केला होता. पावसाळा सरला की गाळ्यांत लोखंडी फळ्या टाकायच्या, पाणी अडवायचं. यंदा फळ्या पडल्याच नाहीत. पाणी डोळ्यांदेखत निघून गेलं. आता करंगळीएवढी धार उरली होती आणि काठचा हरभरा घाटे धरायच्या आधीच मान टाकत होता.

बाबा शेजारच्या नव्या माठाकडे बघत राहिले. तोटीचा माठ. मकरंदनंच आणला, त्यानंच मांडला, भरलाही त्यानंच. बाबांना जुनी घागर पुरत होती, पण ते कुणी विचारलं नव्हतं.

मकरंद मात्र सुटला होता. फुकटाची किंमत नसते म्हणाला. गोदाम गावात, फळ्या गोदामात, आणि माणसं पारावर पत्ते कुटतायत. येत्या गुरुवारी गाव तकियात जमलं की बाबांनीच त्यांना चार शब्द सुनवावेत. नाहीतर तो जिल्ह्याहून राखणदार नेमणार होता.

“गोदामाला कुलूप आहे म्हणे,” बाबा म्हणाले.

“असणारच. फळ्या चोरीला जातात.”

“किल्ली?”

मकरंदचा हात नकळत खिशाकडे गेला.

“माझ्याकडे. वरून आदेश आला की उघडायचं.”

“आला?”

“...येईल.”

बाबांनी मान डोलावली.

टप्... टप्...

मकरंदच्या मांडीला गार लागलं. तोटी ढिली राहिली होती. चटई भिजून पाणी उंबऱ्यापर्यंत गेलं होतं, माठ रिता होत चालला होता. बाबांचा हात तोटीपासून वीतभर अंतरावर, मांडीवर निवांत.

“तुम्ही बघत बसलात, बाबा? नुसती पिळायची तर होती.”

“माठ साहेबांचा.”

मकरंद चडफडत वाकला, तोटीकडे हात नेला. खिशातली किल्ली खुळखुळली.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

“थांब, लेका... आदेश येऊ दे.”