एकोणतिसावी चूक

“एकसष्ट चुका! एका पुस्तकात एकसष्ट... बाबा, आता तुम्हीच सांगा, मी गप्प बसू?”

धुडकूबाबा पाटाच्या कडेला बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मठात येण्याआधी तीस वर्षं ते याच पाटाचे पाटकरी होते. कुणाच्या शेताला किती पाणी, हे त्यांच्या शब्दावर चालायचं. त्यांनी दोन दाणे तोंडात टाकले आणि मान हलवली. हो म्हणाले की नाही, कळायला मार्ग नव्हता.

प्रल्हाद बोरसे मास्तरांना उत्तराची घाई होती. पुस्तक त्यांच्या आमळखोऱ्याचं, लिहिणारे मात्र बाहेरचे. गोविंदराव साठ्ये, निवृत्त इंजिनिअर, वय ब्याऐंशी. उद्या गावच्या वाचनालयात त्यांचा सत्कार होता. ऐन सत्कारात उठायचं आणि वहीतली सगळी यादी खणखणीत वाचायची, असं मास्तरांनी ठरवलं होतं. खोऱ्याचे जुने कागद धुंडाळण्यात अकरा वर्षं मास्तरांची गेली, आणि हार दुसऱ्याच्या गळ्यात! मनाला लागलं होतं, आणि लागणारच. आता फक्त बाबांचा होकार हवा होता.

“वाच,” बाबा म्हणाले.

“चूक पहिली. बंधारा इंग्रजांनी बांधला म्हणे. त्यांच्या आधीच्या सनदेत त्याचं नाव आहे.”

“बरोबर.”

“चूक सातवी. भैरवाचं देऊळ पुरात वाहून गेलं. पुरात नाही बाबा, आगीत गेलं!”

“बरोबर. माझा आजा घागर घेऊन धावला होता.”

मास्तरांची छाती फुगली. बाबांनी शेंगा पुढे केल्या, पण खायला सवड कुणाला होती?

“चूक एकोणतिसावी. ही तर हद्दच झाली. ‘पाटाला गळती दिसली की गावकरी आरोळी देतो, मग सगळे धावतात.’ अहो, आपली पिढ्यान् पिढ्यांची रीत काय? ज्याला दिसली, त्यानं आधी भगदाडात पाय घालायचा. आरोळी मग! एवढंही ज्याला ठाऊक नाही, तो माणूस...”

मास्तर थांबले.

बाबांच्या मागे, पाच हातांवर, पाटाच्या भरावातून पाण्याची चिळकांडी उडत होती. खेकड्याचं बीळ असणार. बघता बघता मातीचं मोठं ढेकूळ सुटलं.

“पाट फुटला!” मास्तर ताडकन उठले. “अरे धावा, पाट फुटला रे!”

खालच्या कांद्याच्या वाफ्यातून एका बाईचा आवाज आला, “नुसतं काय वरडी ऱ्हायना भाऊ? पाय घाल ना!”

मास्तरांनी स्वतःकडे पाहिलं. इस्त्रीची विजार. उद्यासाठी घेतलेले नवे बूट. बाबांकडे पाहिलं. बाबा शेंग फोडत होते.

...

मास्तर बुटासकट उतरले. पाय गुडघ्यापर्यंत आत गेला. पाणी जरा गुरगुरलं आणि थांबलं.

काठावर पडलेली वही बाबांनी उचलली, डोळ्यांजवळ धरली.

“एकोणतीस... ‘आधी आरोळी, मग धावाधाव.’ साठ्यांनी बरोबर लिहिलंय की रे. त्यांना तुझ्यासारखाच कुणीतरी भेटला असेल.”

मास्तरांचे कान तापले. मग त्यांना हसू आलं, आणि आलं ते थांबेचना. चिखल गार होता. वडील असेच तासन् तास गळतीत पाय रोवून उभे राहायचे आणि वर गाणी म्हणायचे, ते कित्येक वर्षांनी आठवलं. फार बरं वाटलं.

“परवा साठ्ये इथे आले होते,” बाबा म्हणाले. “डोळे गेलेत त्यांचे. पुस्तक पुन्हा छापायचंय, पण तपासून, वाचून दाखवायला कुणी मिळत नाही म्हणाले.”

खालून ती बाई आणि आणखी दोघं मातीच्या पाट्या घेऊन येताना दिसली.

“बाबा...” मास्तरांनी हळूच विचारलं, “मग उद्या ओरडू की नको?”

बाबांनी वही मिटून त्यांच्या हातात दिली.

“ओरड की. पण पाय आत ठेवून.”