श्श्श म्हणणारी मावशी

एका डोंगराच्या पोटात, जिथे उजेड कधीच पोहोचत नसे अशा गुहेत, वटवाघळांची मोठी वस्ती होती. तिथली एक वटवाघळीण पहिल्यांदाच आई झाली होती. संध्याकाळी आया किडे धरायला बाहेर पडत आणि पिल्ले छताला लोंबकळत राहत. मुलांनो, पहाटे परतल्यावर त्या काळोखात, शेकडो पिल्लांतून, आपले कोणते हे कसे ओळखायचे? रडण्यावरून! तिचे पिल्लू भुकेले की तुटक रडे, गारठले की त्याचा आवाज थरथरे, आणि नुसतीच आई हवी असली की शेवटी एक लांब हेल काढी. ती हेलाच्या मागाने जाई, त्याला पंखाखाली घेई, की ते शांत.

गुहेच्या म्होरक्याला मात्र हा गोंगाट सोसवेना. स्वतः कधी एक पिल्लू पोटाशी धरले नाही, पण तक्रार रोजची! "काय ही रडारड! बायांनो, तुमच्या पोरांना वळणच नाही." एके संध्याकाळी तो खालच्या कपारीतल्या धामणीला घेऊन आला. "या मावशी. पोरं सांभाळण्यात यांचा हात कोणी धरणार नाही."

"का रडतंय, हे विचारत बसायचंच नाही गं," धामण गोड आवाजात म्हणाली. "नुसतं श्श्श म्हणायचं. शिकतात गप्प राहायला."

"अहो, पण ते रडलंच नाही, तर मला सापडणार कसं?" वटवाघळीण कचरत म्हणाली.

"पहिलटकरीण ना! सगळ्याचीच काळजी," म्होरक्या हसला. बाकीच्याही हसल्या. मग तीही मुकाट उडाली.

पहाटे ती परतली, तेव्हा गुहा गप्प होती. कुठे पाणी ठिबकत होते, तेवढेच ऐकू येत होते. ती छतावरून सरपटत निघाली. पिल्ले अंगाला लागत होती. ऊबदार, थरथरणारी, तोंडे घट्ट मिटलेली. सगळी सारखीच. तिने हाक मारली. एकानेही ओ दिली नाही. मध्येच तिचा पंख मोकळ्या दगडाला लागला. तिथे कोणीच नव्हते. त्याच्या पुढेही नव्हते. आणि खालून, अगदी मायेने, आवाज आला, "श्श्श..."

आपले पिल्लू शोधणे सोडून तिने जवळचे परके पिल्लूच पंखाखाली ओढले. "रड रे बाळा. मी ऐकतेय." पिल्लाने असा टाहो फोडला की पलीकडून एक आई ओरडली, "अगं, माझं ते! माझं!" मग दुसरे रडले, तिसरे रडले, सगळे छत रडू लागले. आया धामणीवर तुटून पडल्या. ती कपारीकडे पळाली, पण सावकाश. पोट जड झाले होते. आणि त्या कल्लोळात, एका खोल फटीतून, थरथरता आवाज आला. शेवटी लांब हेल.

"झाला सुरू पुन्हा गोंगाट!" म्होरक्या खेकसला.

"गोंगाट नाही, दादा. हजेरी आहे ही," पिल्लाला छातीशी धरून ती म्हणाली. "ज्यांनी ओ दिली नाही, त्यांच्या आयांना आता तुम्हीच गप्प करा."

तात्पर्य : मूल रडते ते काही सांगण्यासाठी, त्याला आधी जवळ घ्यावे आणि मग ऐकावे. नुसते गप्प करण्याची ज्याला फार घाई, त्याचे पोट एकदा तपासून पाहावे.