माशाला शिवलेली गोधडी

भोळी माणसं गावोगावी असतात, पण बोरखळच्या निवृत्ती शिंप्याची सर कुणालाच नव्हती. सांगावं तसं करणारा माणूस. कुणी म्हणालं, "निवृत्ती, जरा बस," की ऊठ म्हणेपर्यंत उठायचा नाही.

बायको सुगंधा मात्र शहाणी. घरात मूलबाळ नव्हतं. काचेच्या टाकीत एक सोनेरी मासा होता, त्याचं नाव सोन्या. सुगंधाचा त्याच्यावर फार जीव. भावाच्या लग्नासाठी पंधरा दिवस माहेरी निघाली, तेव्हा तिनं नवऱ्याला बजावलं, "सोन्याला काही झालं तर मी माहेरीच राहीन. मग बसा शिलाई मशीनशी बोलत."

निवृत्तीनं मान डोलावली. त्याचा सगळा जीव सुगंधावर. ती नसली की भाताला पाणी किती घालायचं हेही त्याला कळायचं नाही.

चौथ्या दिवशी सोन्यानं खाणं सोडलं. अंगावर पांढरे ठिपके आले आणि तो तळाशी आडवा पडून राहिला. स्टँडसमोर मुबारकभाईचं रंगीत माशांचं दुकान होतं, तिकडे निवृत्ती धावत गेला. मुबारकभाईनं सांगितलं, बादलीला एक चमचा मीठ टाक.

निवृत्तीनं घरी येऊन कोरडी बादली घेतली, तिच्यात मोजून एक चमचा मीठ टाकलं आणि वाट बघत बसला. संध्याकाळपर्यंत बादलीला काही झालं नाही, आणि सोन्यालाही गुण आला नाही.

मुबारकभाईनं कपाळावर हात मारला. "अरे, आजारी जिथं पडलाय तिथं मीठ टाकायचं."

"बरं. ध्यानात ठेवतो," निवृत्ती म्हणाला.

आणि ठेवलं की! परतताना शेजारच्या गोदामावशीचं दार उघडं दिसलं. मावशी तापानं फणफणून खाटेवर पडली होती. आजारी खाटेवर, म्हणजे मीठही खाटेवर. निवृत्तीनं मावशीच्याच बरणीतलं ओंजळभर खडेमीठ तिच्या अंथरुणात नीट पसरलं. मावशीनं कूस बदलली आणि ताडकन उठली. अंगात ताप होता म्हणून केरसुणीचा एकच फटका बसला.

"मिठात मुरवायला मी काय कैरी आहे का रे? आजाऱ्याला गोधडी पांघरून उबेत ठेवतात!"

"बरं. ध्यानात ठेवतो."

शिंप्याला गोधडीचं काय अवघड? त्यानं चिंध्या जमवल्या आणि चार बोटं लांब, दोन बोटं रुंद अशी झकास गोधडी शिवली. कडेनं लाल पट्टी लावली. सुगंधा नसताना सोन्याचे हाल व्हायला नकोत. मग गोधडी टाकीत सोडून त्यानं ती बोटानं सोन्याच्या मानेपर्यंत ओढली. माशाची मान कुठं सुरू होते हे ठरवण्यात बराच वेळ गेला. लाल पट्टी होती कच्च्या रंगाची. घटकाभरात पाणी लालभडक झालं आणि मासा दिसेनासा झाला.

निवृत्ती रडकुंडीला येऊन पुन्हा मुबारकभाईकडे गेला. मुबारकभाई म्हणाला, रंगाचं पाणी दिसलं की आधी ओतून टाकायचं आणि भांडं स्वच्छ पाण्यानं भरायचं.

"बरं. ध्यानात ठेवतो."

वाटेत गोदामावशीच्या चुलीवर काढा दिसला. अडुळसा, सुंठ, गवती चहा असं वैद्यानं सांगितलेलं सगळं घालून मावशीनं दोन तास उकळलेला, चांगला तपकिरी झालेला. निवृत्तीनं तो मोरीत ओतला, पातेलं घासलं आणि स्वच्छ पाण्यानं भरून पुन्हा चुलीवर ठेवलं. मावशी दोन दिवस नुसतं गरम पाणी प्यायली आणि गुण येईना म्हणून वैद्याला शिव्या देत राहिली.

मुबारकभाईला एव्हाना माणसाची पारख झाली होती. तो मागोमाग सायकलवर आला, सोन्याला लाल पाण्यातून काढून, टाकी धुऊन भरून त्याला दुकानात घेऊन गेला आणि त्यानं स्वतःच औषध केलं. पंधराव्या दिवशी सकाळी निवृत्ती मासा आणायला गेला, तेव्हा प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या पाण्यात सोन्या मजेत फिरत होता.

मुबारकभाईनं निवृत्तीला समोर बसवून एकेक शब्द सांगितला. "बाहेरून आणलेला जीव एकदम घरात सोडायचा नाही, दगावतो. पिशवीसकट अर्धा तास थांबवायचा. दर दहा मिनिटांनी घरचं पाणी पिशवीत ओतायचं. तीन वेळा. मगच सोडायचा."

या खेपेला निवृत्तीनं जन्मात पहिल्यांदा सगळं बरोबर केलं. सोन्या सुळकन टाकीत शिरला. निवृत्तीच्या डोळ्यांत पाणी आलं. आता सुगंधा माहेरी राहणार नव्हती.

दुपारी सुगंधा आलीच. हातात भलीमोठी पिशवी. उंबऱ्यात पाऊल टाकणार, तेवढ्यात निवृत्ती म्हणाला, "थांब. तिथंच उभी राहा."

सुगंधाला वाटलं, आता भाकरतुकडा ओवाळून टाकणार. इतक्या वर्षांत या माणसाला हे कधी सुचलं नव्हतं. पंधरा दिवस एकटं राहून शहाणपण आलं म्हणायचं! तिला भरून आलं. डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून ती दहा मिनिटं उन्हात उभी राहिली.

मग निवृत्ती पाण्याचा तांब्या घेऊन आला. भाकरी नसेल घरात, पाणीच ओवाळतोय बिचारा, असं तिला वाटलं. निवृत्तीनं तिच्या पिशवीचं तोंड उघडलं आणि तांब्या आत रिकामा केला.

पिशवीत भावानं घेतलेला शालू होता. वर आईनं बांधून दिलेले बुंदीचे लाडू होते.

सुगंधानं पिशवीत डोकावून बघितलं. मग तिनं विचारलं, "सोन्या कसाय?"

"ठणठणीत."

"मग मला आत का येऊ देत नाही?"

"अगं, दगावशील," निवृत्ती कळवळून म्हणाला. "अजून दोन तांबे आहेत."

यांना ऊन लागलंय असं समजून सुगंधा ओट्यावर डोकं धरून बसली. दहा मिनिटांनी दुसरा तांब्या आला. पिशवीतून लाडवांचं पिवळं पाणी शालूतून गाळून ठिबकायला लागलं. सुगंधा उठली, पिशवी उचलली आणि तडक स्टँडवर जाऊन माहेरच्या एसटीत बसली.

निवृत्तीनं घड्याळ बघितलं. भरला तांब्या घेऊन तो धावत सुटला. गाडी सुटायच्या बेतात होती. त्यानं खिडकीतून हात घातला, सुगंधाच्या मांडीवरच्या पिशवीत तिसरा तांब्या एक थेंबही न सांडता ओतला आणि समाधानानं कंडक्टरकडे वळला.

"मास्तर, झाले तीन तांबे. आता हिला सोडायला हरकत नाही."