उद्यांची पेटी

एका राज्यात तलवार कुणी उपसत नसे. मानपान ठरे तो चेंडूवर. उंच खांबाला लोखंडी कडे, पाच गडी इकडचे, पाच तिकडचे. ज्याचा चेंडू कड्यातून अधिक वेळा जाईल, त्या राजाचा मान मोठा. शेजारची राज्येही हाच खेळ खेळत.

दर चैत्रात नवे खेळाडू माळावर अनवाणी उभे राहत आणि राजे त्यांतून आपापले गडी निवडीत. निवडीचा हक्क ताम्रपटावर कोरलेला असे. पट घडवी कर्कोट मांत्रिक. राजे पुढल्या वर्षांचे पटही आपसांत बदलत. गडी देऊन पट घेत, पट देऊन गडी. कर्कोटाची ताकीद एकच होती, "ज्या वर्षीचा पट, त्या वर्षी वापरावा. उद्याचा दिवस साठवून ठेवाल, तर तो उगवायचा नाही."

उदयसेन राजाने हे या कानाने ऐकले, त्या कानाने सोडले. आपला सर्वांत थोर गडी वज्रबाहू त्याने नीलगडच्या राजाला दिला आणि बदल्यात नीलगडच्या निवडीचे तीन पट घेतले. दरबारात एक मैना होती. पाळण्यातल्या पोरातलाही खेळाडू तिला दिसे. ती म्हणे, "पुढच्या साली याहून थोर गडी येणार." झाले! चैत्र आला की राजा हातातले तीन पट देऊन पुढच्या चैत्राचे तीन घेई, इतर राजांचेही असेच घेई आणि सारे एका पेटीत साठवी. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागला तो लागलाच.

तेव्हापासून राज्यात सारे अडले. आंब्याला मोहोर येई, कैरी धरेना. दुधाला विरजण लावावे, दही लागेना. वज्रबाहूची बायको पद्मरेखा तो गेला तेव्हा पोटुशी होती. ती तीन वर्षे पोटुशीच राहिली. बदलीत गडी तेवढा जाई, त्याच्या माणसांना सीमा बंद असे.

तिच्या अंगणात भिंतीला एक कडे होते. लग्न झाल्यापासून दोघे तिथे आळीपाळीने चेंडू फेकीत. एकाने फेकायचा, दुसऱ्याने परत द्यायचा. आता ती एकटी फेकी. चेंडू कड्यातून पडे, घरंगळत कुंपणापाशी जाऊन थांबे. परत देणारे कुणी नसे. तेव्हा तिला त्याची अशी आठवण येई की चेंडू आणायला तिचे पाऊल उचलत नसे.

एके दिवशी ती दरबारात गेली.

"महाराज, माझ्या धन्यांना परत आणावे."

"आणू, पद्मरेखे. उद्या."

"मागच्या साली हेच म्हणाला होतात, महाराज."

"पुढच्या सालचे पट फार मोलाचे आहेत," राजा म्हणाला आणि पेटी थोपटू लागला.

ती परतली. वाटेत तिला उमगले, की राजाला उद्याचा मोह आवरत नाही. मग त्या मोहाच्याच होडीत बसून नदी का उतरू नये?

चैत्र आला. अनवाणी उभ्या राहिलेल्या पोरांच्या रांगेत पद्मरेखा जाऊन उभी राहिली. लोक हसले. पण अनवाणी आला त्याला परीक्षा द्यायची, असा नेम होता. परीक्षेच्या फेकी तीन. पहिली तिने उभ्याने केली, चेंडू कड्यातून गेला. दुसरी डोळे बांधून केली, चेंडू कड्यातून गेला. तिसरी पाठमोरी केली. चेंडू कड्याला न शिवता त्यातून सरळ खाली आला. हसणारे पुढे सरकून पाहू लागले.

मैना म्हणाली, "हिच्या तोडीचे आज दुसरे नाही."

नीलगडचा राजा उठला. "उदयसेना, आजची पहिली निवड तुझी आहे, ती मला दे. बदल्यात पुढच्या चार वर्षांचे पट घे."

उदयसेनाचा हात सवयीने पुढे झाला. तेवढ्यात त्याने पाहिले, की हिला परक्या राज्यात देऊन टाकले जात आहे, तरी ही बाई हसते आहे.

"तुला जायचे आहे?"

"होय, महाराज. तिकडे माझे धनी आहेत. मूल त्यांच्या हातात द्यायचे आहे. मला आता वाट पाहवत नाही."

राजाने नीलगडच्या रांगेकडे पाहिले. वज्रबाहू तिथे उभा होता. एके काळी दोघे एका ताटात जेवत. त्याची आणि आपली नजर मिळू नये म्हणून राजा तीन चैत्र मान खाली घालून बसला होता.

"मलाही याची आठवण येते," राजा म्हणाला. "नीलगडच्या राजा, हे तुझे तीन पट. माझा गडी मला दे. पण पट आजच वापर, उद्यावर टाकू नको."

"तीन गेले होते, तीन आले. मान्य," नीलगडचा राजा म्हणाला आणि त्याने तिथल्या तिथे रांगेतले तीन पोरगे निवडले. पेटीत आणखी जे पट होते, ते उदयसेनाने ज्याचे त्याला दिले.

वज्रबाहू माळ ओलांडून आला. पद्मरेखेने चेंडू त्याच्याकडे फेकला. त्याने तो झेलला आणि परत दिला. तिला पुन्हा फेकता आला नाही, कारण कळा सुरू झाल्या होत्या.

सूर्य मावळायच्या आत मुलगी झाली. त्याच घटकेला राज्यातल्या आंब्यांना कैऱ्या धरल्या आणि घरोघरच्या गाडग्यांत दही लागले.

राजा बाळ पाहायला आला. मैना त्याच्या खांद्यावरून वाकली. "महाराज, ही पुढे—"

"चूप," राजा हळूच म्हणाला. "आज ती झोपली आहे."

तिची झोप पुरी झाली, आणि ही कहाणीही पुरी झाली.