सातशे वर्षांची अट

रंगराव इनामदारांनी नव्या बंगल्याचा दिवाणखाना जुन्या पाषाणमूर्तींनी सजवला होता. तिथं शिल्पकार सुगंधा पाथरवट वर्षभर खपून घडवलेली, जात्यावर दळणाऱ्या बाईची मूर्ती घेऊन आली. इनामदारांनी पाहुण्यांदेखत नाक मुरडलं. "बाई, सातशे वर्षांच्या आतलं काही आम्ही घरात ठेवत नाही."

सुगंधाच्या मनाला ते लागलं. समोरच्या नर्तकीच्या प्राचीन मूर्तीकडे बघत तिनं शांतपणे विचारलं, "सरकार, घडवली त्या दिवशी हीसुद्धा नवीच होती ना? तेव्हाचा धनी तुमच्यासारखंच म्हणाला असता, तर आज तुमच्या घरात काय असतं?"

इनामदार उठून दळणाऱ्या बाईच्या मूर्तीजवळ आले. मग म्हणाले, "मूर्तीखाली तुमचं नाव कोरा. या नर्तकीचा कारागीर कोण, ते आम्हाला कधी कळलंच नाही."