झापाखाली

"मग माझं चुकलं कुठे, सर?"

गोगटेसर काठी घेऊन ओसरीवर बसले होते. तन्मयला वायरलेसची गोडी लावली ती त्यांनीच... आणि शोधपथकासोबत जाऊन दरडीखाली गेलेला सुहास त्यांचा एकुलता मुलगा होता. तेराव्याला तन्मयने तोंड दाखवलं नव्हतं. आज आला, तोही आपली बाजू मांडायला.

"टॉवर पडला होता, तरी निरोप अडला नाही," तो म्हणाला. "शोधपथकातल्या एकाचा वायरलेस दुसऱ्याच्या वायरलेसला निरोप देत गेला. जिथून आवाज स्वच्छ आणि लवकर जाईल, तीच वाट मी बनवलेल्या यंत्रणेने निवडली. माणसं हलली की वाटही बदलायची. 'मागे फिरा, डोंगर सरकतोय' हे सगळ्यांना पोचलं. एकही राहिला नाही."

"सुहासला कळलं होतं?"

"सगळ्यांच्या आधी. घळीच्या तोंडाशी तोच होता. घळीत आत गेलेल्यांना निरोप त्याच्याच वायरलेसमधून गेला... त्याच्याइतकी चांगली जागा दुसऱ्या कुणाची नव्हती."

"मग तो का नाही फिरला?"

गेले कित्येक दिवस तन्मय याच प्रश्नाला भीत होता.

"म्हणाला... मी हललो तर आतले तुटतील."

सर काठी टेकत उठले.

"चल. गुरं पाण्यावर न्यायचीत."

गोठ्याच्या दाराला वरून टांगलेला गवताचा झाप होता, पावसाने भिजून जड झालेला. टेकू मोडल्यापासून कुणीतरी दारात उभं राहून तो खांद्यावर तोलायचा, तेव्हा कुठे गुरं बाहेर पडायची. रोजचं ते काम सुहासचं. तन्मयला ते ठाऊक होतं. न सांगताच तो दारात शिरला आणि त्याने झाप खांद्यावर घेतला.

त्याला घासून गाय गेली. म्हातारा बैल रेंगाळत गेला. पाडी अडून बसली, सरांनी तिला चुचकारत बाहेर काढलं आणि तेही तिच्यामागून गेले.

तन्मय बाजूला सरकायला गेला, तसा झाप खाली येऊ लागला.

"सर... जरा हात लावता? सोडला तर माझ्याच पाठीवर येईल."

सर अंगणात पाठमोरे उभे होते. त्यांनी गुरांवरून नजर फिरवली. बोलले तेव्हा आवाज ओला होता.

"सगळी आली, तन्मय. एकही राहिलं नाही."