तेलघाण्याचा ओटा

घाण्याचे बैल केव्हाच थकून गेले, त्यानंतरची ही गोष्ट. बंद पडलेल्या तेलघाण्याची बँक झाली. खाती, लॉकर, बचतगटाची बैठक, सगळं एका छताखाली! नवं काचेचं दार बाहेरच्या ओट्याला म्हणालं, "उद्‍घाटन झालं की तू उखडला जाणार." ओट्याचा एक दगड गवंड्याने आधीच काढला होता.

उद्‍घाटनाला गाव लोटलं. पण चकचकीत दार पाहून सगळे बुजले आणि चपला काढून ओट्यावरच बसले. शेवटी मॅनेजर शकूताई कागद घेऊन बाहेर आल्या आणि त्यांच्यातच टेकल्या.

"गवंडीदादा, पहार ठेवा. आपलं पहिलं काउंटर हेच!"

माणसं खुलली, बोलत बोलत आत शिरली. दार मात्र सारखं मिटायचं. ते उघडं राहावं म्हणून गवंड्याने ओट्याचा तो उखडलेला दगडच त्याला लावला.

ओटा हसला, "दमलंस? टेक जरा."